घरात चांगली बातमी आली की पहिली पाच मिनिटं कशी सांभाळायची

खान्देशात दुःखाला माणूस कमी पडत नाही. वादळात केळीचा बाग आडवा झाला किंवा घरातलं माणूस गेलं, तर सांगावा पोचायच्या आत भाऊबंद दारात येऊन बसतात. कोणी चहाचं बघतो, कोणी न सांगता म्हशींना चारा टाकतो. त्याच घरात मुलगी धावत आली, "आप्पा, पोलीस भरतीत माझं नाव लागलं!" म्हणाली, की आप्पा म्हणतात, "बरं झालं. मोटार बंद केली का कोणी?" आप्पांना आनंद झालेला असतो. तो दाखवायचा कसा, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. जास्त कौतुक केलं तर नजर लागेल, पोरगी हवेत जाईल, ही धास्तीही असते.

शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नेमक्या याच क्षणाचा अभ्यास करतात. त्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, सांता बार्बाराला शिकवतात. नात्यांवरचं आधीचं बरंचसं संशोधन भांडण, आजारपण आणि संकट यांच्याभोवती फिरत होतं. गेबल, हॅरी रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली उलटा प्रश्न घेतला: माणसाचं काही चांगलं झालं आणि ते त्याने जवळच्या माणसाला सांगितलं, तर समोरचा काय करतो? २००६ च्या अभ्यासात ७९ जोडप्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. प्रत्येकाने जोडीदाराला अलीकडची एक चांगली आणि एक वाईट गोष्ट सांगायची होती. नातं किती समाधानाचं आहे आणि पुढे ते टिकतं की तुटतं, याचा संबंध चांगल्या गोष्टीला मिळालेल्या प्रतिसादाशी जास्त घट्ट निघाला. वाईट गोष्टीच्या वेळी दिलेला आधार त्या मानाने मागे पडला.

हे अभ्यास बहुतेक अमेरिकेतल्या तरुण जोडप्यांवर झालेले आहेत. आपल्याकडे एका ओट्यावर आठ माणसं असतात आणि बातमी सांगणारा बहुधा मुलगा, सून, भाऊ किंवा माहेरी आलेली लेक असते. त्यामुळे खालची पद्धत तिथल्या निष्कर्षांवर उभी असली, तरी वापर आपल्या घराच्या मापाने करायचा आहे.

उत्तराचे चार प्रकार

यावल-रावेरकडच्या एका घरातलं वाक्य घेऊ. मुलगा संध्याकाळी घरी येऊन सांगतो, "आज आपल्या केळीला बऱ्हाणपूरच्या भावापेक्षा क्विंटलमागे शंभर रुपये जास्त मिळाले." गेबल यांच्या वर्गवारीप्रमाणे यावर घरातून चार तऱ्हेची उत्तरं येऊ शकतात.

उचलून धरणारं: "काय सांगतोस! व्यापारी कबूल कसा झाला? तू काय बोललास त्याला?"

थंड होकार: "बरं झालं." मान हलते, नजर टीव्हीवर.

खोट काढणारं: "आज दिले, पुढच्या कटाईला कापून घेईल. वजनात तर मारलं नाही ना?"

कानामागे टाकणारं: "लाइटबिल भरलं का?" किंवा "आम्ही तर त्या साली याच्यापेक्षा जास्त भाव घेतला होता."

तिसरं आणि चौथं उत्तर टोचतं, हे कोणालाही कळतं. गेबल यांच्या अभ्यासात खरं लक्ष द्यावं असं काही असेल तर ते दुसऱ्या उत्तराबद्दल आहे. चांगल्या नात्याशी फक्त पहिल्या प्रकारच्या उत्तराची जोड दिसली. बाकीचे तिन्ही प्रकार कमी समाधानाच्या नात्याशी जोडलेले निघाले, आणि त्यात "बरं झालं"सुद्धा आहे. आपल्याकडचे वडीलधारे सर्वांत जास्त वापरतात ते हेच उत्तर. त्यांच्या मनात माया असते. सांगणाऱ्याच्या कानावर मात्र दार लावल्याचा आवाज येतो.

असं का होतं? बातमी घेऊन आलेल्या माणसाला फक्त माहिती द्यायची नसते, तो क्षण त्याला पुन्हा जगायचा असतो. सविस्तर सांगताना घटना त्याच्या मनात पक्की बसते आणि तिची किंमत वाढते. रीस आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या प्रयोगांत हे दिसलं: उत्साहाने ऐकणाऱ्याला सांगितल्यानंतर लोकांना स्वतःची तीच घटना आधीपेक्षा मोठी वाटू लागली. दुसरं कारण रीस अनेक वर्षं मांडत आले आहेत. जवळच्या माणसाकडून आपल्याला तीन गोष्टींची खात्री हवी असते: याने मला ओळखलं, याला माझी कदर आहे, याला माझं बरं व्हावं असं वाटतं. "व्यापाऱ्याला काय बोललास?" या एका प्रश्नात तिन्ही येतात. भावाच्या आकड्यामागे मुलाने केलेली घासाघीस आहे, हे बापाने ओळखलं, एवढं त्यातून पोचतं.

कृती

वेळ: पाच मिनिटं. हा आकडा संशोधनातला नाही, सोयीचा आहे. शेतीच्या घरात संध्याकाळी धारा काढायच्या असतात, भाकरी टाकायच्या असतात, रात्रीची लाइट असेल तर भरणीला जायचं असतं. अर्धा तास कोणी देणार नाही, पाच मिनिटं प्रत्येकाकडे निघतात.

१. हातातलं थांबवा. मोबाइल पालथा ठेवा, टीव्हीचा आवाज बंद करा, मान वळवा. काम थांबवणं शक्यच नसेल, तव्यावर भाकरी असेल, तर तसं सांगून वेळ द्या: "एवढी भाकरी उतरवते, मग मला पहिल्यापासून सांग." आणि मग खरंच विचारा. "नंतर बोलू" म्हणून न विचारणं हे कानामागे टाकण्यातच जमा होतं.

२. पहिलं वाक्य भावनेचं असू द्या, लहान असू द्या. "अरे वा!" "काय सांगतेस!" जेवढं तोंडून सहज निघतं तेवढंच. अबोल माणसाने एकदम नाचायला लागायची गरज नाही. मुलाला आपला बाप माहीत असतो, आणि ओढूनताणून आणलेला उत्साह त्याला लगेच कळतो. शांत आवाजात पण चेहऱ्याकडे बघून विचारलेला प्रश्न पुरेसा असतो.

३. तीन प्रश्न विचारा. सगळं वजन या पायरीवर आहे, म्हणून प्रश्न कोणते ते नीट बघू.

पहिला प्रश्न घटनेचा: "कधी कळलं? कुठे होतास तेव्हा?" यातून तो त्या जागी परत जातो. दुसरा प्रश्न त्याच्या वाट्याचा: "हे जमवलंस कसं? अवघड कुठे गेलं?" भरतीत नाव लागलेल्या मुलीला विचारा की आठशे मीटरला दम कुठे लागत होता आणि शेवटी तो कसा धरला. बचत गटाकडून बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, मोठी ऑर्डर मिळालेल्या सुनेला विचारा की गिऱ्हाइकाला पहिल्यांदा काय चाखायला दिलं. तिसरा प्रश्न मनाचा: "तेव्हा कसं वाटलं? पहिलं कोणाला सांगावंसं वाटलं?" पुरुष मंडळींना हा तिसरा प्रश्न जड जातो. तो जमला नाही तर सोडा, पण दुसरा कधीच सोडू नका.

प्रश्न घरच्या बोलीत विचारा. अहिराणी बोलणाऱ्या घरात पुस्तकी मराठीतला प्रश्न मुलाखतीसारखा वाटतो. "कसं काय जयं? बठ्ठं सांग ना!" एवढ्यात काम होतं.

४. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. उत्तराच्या मध्येच पुढचा प्रश्न टाकला की ती उलटतपासणी होते. सांगणारा थांबला तरी दोन-तीन श्वास जाऊ द्या. बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतर येते.

५. त्याचे कष्ट नाव घेऊन सांगा. "शाब्बास" यापेक्षा "हिवाळ्यात पाच वाजता उठून पळायला जायचीस, त्याचं झालं हे" असं म्हणा. तुम्ही बघत होतात, हे तिला कळतं.

६. दुसऱ्या दिवशी एकदा विषय काढा. "रात्री झोप लागली का गं आनंदात?" या पायरीला मिनिटभरही लागत नाही, तरी बहुतेक घरांत ती राहून जाते.

कुठे बिघडतं

पैसा पहिल्या मिनिटात येतो. मुलगा पुण्याहून फोन करतो, "कंपनीत कायम झालो", आणि पहिला प्रश्न जातो, "किती वाढले?" कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या घरात हे अगदी साहजिक आहे. तरी मुलाला असं वाटतं की घराला माझ्यापेक्षा माझा पगार जवळचा. पैशाचा प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ठेवा. आकडा तोच राहतो, तो ऐकण्याची जागा बदलते.

सल्ला लगेच सुरू होतो. "आता असं कर, तसं करू नको" हे मायेपोटी येतं, पण सांगणारा अजून आनंदात असतो आणि सल्ला त्याला उद्याच्या कामाला जुंपतो.

तुलना येते. "जावेच्या पोराला तर जिल्हा परिषदेत लागली." एका वाक्यात बातमीची मालकी दुसऱ्याकडे जाते.

बातमी पळवली जाते. मुलगी अजून बोलतेच आहे आणि काकाने भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकलासुद्धा. मग येणारे फोन काकालाच येतात. कोणाला, कधी आणि कोणी सांगायचं, हे ज्याची बातमी त्याला आधी विचारा. "पेढे कधी?" "पार्टी पाहिजे!" हेही तसंच. मागणी पुढे झाली की ऐकणं मागे पडतं.

नजर लागण्याची भीती. ज्या घरात ही समजूत घट्ट आहे तिथे वाद घालून काही मिळत नाही. नजर काढायची असेल तर काढा, मीठ-मोहरी ओवाळा. बातमी चार भिंतींच्या बाहेर न्यायची नसेल तर नेऊ नका. पण घरातल्या घरात तीन प्रश्न विचारण्याने कोणाची नजर लागत नाही, एवढं घरातल्या म्हातारीलाही पटतं. "पोरगा माजेल" या भीतीचं उत्तर पाचव्या पायरीत आहे. हुशारीऐवजी कष्टांचं नाव घेतलं की मुलाचं लक्ष कष्टांवर राहतं.

शंका खरीच असेल तर

मुलगा सांगतो, "नोकरी सोडतोय, ठिबकचं दुकान टाकतोय." तुमच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी खोटं हसायचं का? नाही. आधी तीन प्रश्न पूर्ण विचारा, कारण त्याने किती विचार केलाय हे त्यातूनच कळणार आहे. मग उघड सांगा: "मला दोन शंका आहेत. उद्या सकाळी चहाला वही घेऊन बसू, भाडं, माल, उधारी सगळं मांडू." आणि वेळ ठरवल्याप्रमाणे बसा. गेबल यांच्या वर्गवारीतलं खोट काढणारं उत्तर बातमीच्या तोंडावरच येतं आणि माणसाला अडवतं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसणारा माणूस त्याच्या बाजूने बसलेला असतो.

अपवाद एकच. आजच सही किंवा पैसे जाणार असतील, म्हणजे कोणी "नोकरी लावून देतो, आज दोन लाख भरा" म्हणत असेल, तर आनंद बाजूला ठेवून तिथेच थांबवा.

कधी अडचण ऐकणाऱ्याचीच असते. पुतण्या पास झाला आणि तुमचा मुलगा नापास, किंवा शेजाऱ्याचा कापूस चांगला गेला आणि तुमच्या बोंडांत अळी निघाली. तेव्हा पाच मिनिटं आणि तीन प्रश्न झेपणार नाहीत. एकच प्रश्न विचारा, मनापासून विचारा, आणि लवकर निघा. मन भरलेलं असताना लांबवलेलं कौतुक शेवटी टोमण्यावर येतं.

फोनवरचं घर

धुळे, जळगाव, नंदुरबारची कितीतरी मुलं सुरत, नाशिक, पुण्याला आहेत. त्यांच्या बातम्या फोनवरच येतात आणि उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र जातं. तो अंगठा म्हणजे थंड होकारच. मेसेज आला तर त्याच दिवशी उलट फोन करा, दोन मिनिटं चालतील, आणि त्यात दुसरा प्रश्न, "जमवलंस कसं?" नक्की विचारा. फोन स्पीकरवर असेल तर आधी सांगा, "माय पण ऐकतेय." मागून कोण ऐकतंय हे माहीत नसलं की मूल मोकळं बोलत नाही. फोन तुमच्या कामाच्या वेळी आला, विहिरीवर आवाज येत नसला, तर ओरडून "हो, हो" म्हणण्यापेक्षा नऊ वाजता करतो म्हणा आणि नऊला करा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते तेव्हा उलट अडचण होते. घर भरलेलं, झोके बांधलेले, बायका गाण्यांत, मुलं अंगणात. तिची बातमी गर्दीत बुडते. तिला आणायला गेलेला भाऊ प्रवासात मोकळा असतो, ती वेळ वापरा. आईने रात्री अंगणात बाजा टाकल्यावर दहा मिनिटं फक्त तिची ठेवावीत. सासरी कोणी विचारत नाही अशा कितीतरी लहान गोष्टी तिच्याकडे असतात: शिलाई मशीन घेतलं, स्कूटी शिकली, सासऱ्यांची गोळी आता तीच बघते. बातमी लहान असली तरी पद्धत तीच. गेबल यांच्या अभ्यासांतही लोक बऱ्याचदा रोजच्या साध्या घटना सांगत होते, मोठे निकाल वर्षातून एखादेच येतात.

वाईट हंगामात

दुःखात धावून जाणं आपल्याला येतं, तरी एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. जोडीदाराने मदत केल्याचं लिहिलं, पण परीक्षार्थ्याच्या लक्षातही आली नाही, अशी मदत सर्वांत जास्त उपयोगी पडली होती. दिसणाऱ्या मदतीत "तुला झेपत नाहीये" असा एक बोचरा अर्थ लपलेला असतो. पुढे २००९ मध्ये नताल्या मायझेल आणि गेबल यांनी यात भर घातली: मदत दिसो वा न दिसो, ती समोरच्याची नेमकी गरज ओळखून केलेली असेल तरच लागू पडते.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या घरात याचा अर्थ असा: त्याच्या खोलीत दर तासाला दूध नेऊन "अभ्यास झाला का?" विचारण्यापेक्षा बाहेरचा टीव्ही बंद ठेवा, पाहुण्यांना परस्पर सांभाळा, शेतातली त्याची पाळी गुपचूप दुसऱ्याला द्या. आणि नंतर कधीही "तुझ्यासाठी आम्ही किती केलं" म्हणून ते मोजून दाखवू नका. मोजलं की सगळं पुन्हा दिसणारं होतं. मात्र तो स्वतः येऊन बसला, तर उठून कामाला लागू नका. तेव्हा त्याला बोलायचं असतं.

दोन ठिकाणी ही पद्धत पुरत नाही. घरातलं माणूस "आता जगून काय करू" अशा भाषेत बोलत असेल, निजानिज झाल्यावर एकटं शेतात जाऊन बसत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. आणि ज्या घरात मारहाण होते तिथे उत्तरं सुधारून काही होत नाही. तिथे बाईने १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

सवय कशी लावायची

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता तिथेच, कोणी काही चांगलं सांगितलं की एक टिंब, आणि तुम्ही प्रश्न विचारला असेल तर त्याभोवती गोल. आठवड्यानंतर नुसती टिंबं किती आणि गोल किती, ते दिसेल. दुसऱ्या आठवड्यात एकच माणूस निवडा, ज्याच्याशी तुमचं बोलणं सर्वांत कमी होतं तो. सगळ्या घरावर एकदम प्रयोग केला की चौथ्या दिवशी तो सुटतो. सुरुवातीला मूल दचकून विचारेल, "आज काय झालं आप्पांना?" त्याने खचू नका.

ज्यांना प्रश्न विचारणं अजिबातच जमत नाही, त्या वडीलधाऱ्यांसाठी एक शब्द पुरतो: "दाखव." दुकानाचा बोर्ड दाखव, नवीन रोपं दाखव, निकाल दाखव. निकालाचा कागद वाचता येत नसला तरी हातात घ्या, चष्मा लावा, आणि नाव कोणत्या ओळीत आहे ते तिला बोट ठेवून दाखवायला सांगा.